डॉ. शेफाली, दहावी पास

नाही, तुम्हीच सांगा, दहावीला सायन्समध्ये एक्केचाळीस मार्क पडलेल्या पोरीच्या नावापुढे कुणी 'डॉ.' लावतं का? आमच्या बाबांनी लावलंय! वारजेतल्या फ्लॅटच्या दारावर, पितळी पाटी, चार स्क्रू! वर 'ऋचा, आयएएस', म्हणजे माझी ताई, जी अजून एफवायला आहे, आणि खाली 'डॉ. शेफाली', म्हणजे मी!

मोबाईल हातात घेतला की बाबा त्यांच्या वर्ध्याच्या टोनमध्ये, "काय करून राहिली? पाटी लागली ना दाराले!" ताईने एकदा, एकदाच हं, बेकिंगचा क्लास विचारला... "कलेक्टर केक विकन काय? पाटी लागली ना दाराले!" नळ सोडून बाथरूममध्ये रडते ती. मी कशाला रडू? मला आयटीआयला जायचंय, टू-व्हीलर मेकॅनिक! अख्ख्या सोसायटीच्या गाड्यांची हवा मीच सोडते, म्हणजे अर्धं काम येतंच की!

पण सोमवारी अकरावीचा फॉर्म भरायचा होता ना... म्हटलं, लोक हसले की बाबाच लाजून पाटी उतरवतील. रविवारी पाटीखाली कागद चिकटवला: 'तपासणी मोफत. १० ते १२. उगाच बेल वाजवू नये.' आणि बाबांना सोपं पडावं म्हणून स्क्रूड्रायव्हर टेबलावर काढून ठेवला.

तुम्हाला सांगते, साडेदहाला जिन्यापर्यंत लाईन! पहिल्या कोण, तर तिसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाई. मला फ्रॉकमध्ये बघितलंय त्यांनी, तरी आल्या... फुकट ना! "गुडघा दुखतो गं." मी म्हटलं, "जिने चढू नका." "अगं, मग घरी कशी जाऊ?"

तेवढ्यात बाबा भाजी घेऊन आले. लाईन बघितली, कागद बघितला... म्हटलं, सुटलो आपण! तर बाबांच्या डोळ्यांत पाणी! "माह्या पोरीकडं लोक येऊन राहिले?" आणि खुर्च्या काय मांडल्या, चहा काय सांगितला... कलेक्टरबाई ट्रे घेऊन फिरतायत!

सोमवारी सायन्सचा फॉर्म भरला. बायोलॉजीसकट.

स्क्रूड्रायव्हर वाया नाही गेला पण. बाबांनी दुसरी पाटी आणली, 'पेशंटनी चपला बाहेर काढाव्यात', आणि बसवायला मलाच लावली. मी चारही स्क्रू पिळले, एकदम सरळ, मेकॅनिकसारखे... आणि बाबा मागून ताईला काय म्हणतात?

"पाह्य, हात जरासा हालला नाही पोरीचा... सर्जनच होनार हे पोरगी!"