एकाच मातीत पेरलेलं

—तर नुसतं पाणी पिऊन काहून जाता मॅडम, बसा ना, खाटेवर बसा, चहा उकळून राहिला. तुमी माझ्या निताला कालेजात शिकवलं म्हणून तर ती तिकडं बेटावर झाडं शिकायला गेली — न्हाई तर तांड्यातल्या पोरीला समुद्र कुठला? तिनं पाणी पाहिलं ते सिद्धेश्वरच्या धरणाचं. मला सारं सांगती फोनवर. म्हणती, याडी — आमच्यात आईला याडीच म्हणतात — आपल्या रुईची म्हातारी कशी उडती, तसं एक बियाणं उडत उडत त्या बेटावर पडलं, लाखो वर्सांमागं. मग? मग जे उडालं ते समुद्रात बुडालं, जड होतं ते तिथंच रुजलं. पिढ्यामागून पिढ्या असंच — आता त्याला उडताच येत न्हाई. अन् शेजारच्या बेटावर पुन्हा निराळंच, इथं बुटकं तर तिथं माणसायेवढं. हे मातीनं होतं का रक्तानं? ते पाहायला तिनं साऱ्या बेटांचं बियाणं एकाच मातीत पेरलं. बराबर सांगितलं ना? हसू नका.

अन् त्याच्यापायीच — तांड्याभाईर बोलू नका हं — पोळ्याच्या आधी तिचा बा गेला, ते मी तिला कळू दिलं न्हाई. कसं कळवावं? नुकतं उगवून राहिलं होतं तिचं. टाकून आली असती, सारं वाळलं असतं. सगळ्यायला शपथ घातली. दर इतवारी ती इचारती, याडी, बा कुठं? मी म्हणते, शेतात. बैलं पाजायला गेला. फोन ठेवला की पदर तोंडात कोंबते. लई तकलीफ हाय मॅडम. आता तिचं काम झालं असल तर तुमीच सांगा तिला, तुमचं ऐकती —

खाली काहून पाहून राहिल्या?

काय? तिला ठाऊक हाय? कवापासून?... माती झाली त्याच दिशी? मातीवरून घरी जाऊन तुमीच फोन केला?

म्हंजे तवापासून मी शेतात म्हणते, अन् ती 'बरं' म्हणती? गेल्या इतवारी म्हणली, बाला म्हणावं, राती पाणी द्यायला जाऊ नको, थंडी पडली. मला वाटलं, बापाची माया. यावं लागू नये म्हणून मेलेल्या माणसाला माझ्याच तोंडून शेतात हिंडवलं पोरीनं! दगा दिला मला, माझ्या पोटच्या लेकरानं. अन् तुमी माझ्या खाटेवर बसून गपगुमान ऐकून राहिल्या.

न्हाई, चहा राहू द्या. उठा. मला कळलं म्हणून सांगू नका तिला. इतवारी ती इचारील, बा कुठं? मी म्हणीन, शेतात. बघू किती दिस इचारती.

जा तुमी.