भोपळे हवालदार आणि तंटामुक्ती

नाही, तुम्हीच सांगा, सिनेमावरचं भांडण कोणी तंटामुक्ती समितीकडे नेतं का? बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, गुरं पिकात शिरली म्हणून माणसं जिथे उभी राहतात, तिथे मी! आणि गुन्हा काय, तर ‘हवालदार भोपळे’चा तिसरा भाग गावाला दाखवला! चर्चा व्हावी, एवढंच म्हणणं होतं हो माझं!

तुम्हाला सांगतो, दिल्लीत शिकताना ठरवलं होतं, आपल्या गावी, सोनाळ्याला परतायचं, वाचनालयाच्या हॉलात दर रविवारी दुपारी सिनेमा लावायचा आणि मग लोकांनी त्यावर बोलायचं. आलो, पडदा बांधला, आणि माणसं जमावीत म्हणून भोपळेपासून सुरुवात केली. पहिल्या भागात हा हवालदार बकरीचोरामागे धावता धावता स्वतःच कोंडवाड्यात अडकतो, दुसऱ्यात स्वतःच्याच वरातीवर लाठी चालवतो... हॉल हसून हसून आडवा! आणि तिसऱ्यात? तिसऱ्यात तोच भोपळे एका गरीब माणसाला चोर समजून कोठडीत मारतो, आणि तो माणूस मरतो. संपला सिनेमा. मी दिवे लावले आणि उत्साहानं म्हटलं, बोला!

बोलले की! बियाण्याच्या दुकानवाल्या करिष्मावहिनी ताडकन उठल्या. ‘‘आल्हादभाऊ, हसाले आलो होतो न आम्ही! हे काय दाखोलं?’’ म्हटलं, वहिनी, हे वास्तव आहे. ‘‘आम्ही वास्तवातच राह्यतो न! तुम्ही दिल्लीले होते, म्हणून तुमाले ते पडद्यावर पाहा लागते!’’ तेवढ्यात त्यांचाच नवरा, ज्ञानेश्वर, मागून म्हणतो, ‘‘तुले समजलंच नाही. आतापर्यंत तो निरा जोकर होता, आता कुठं माणूस वाटला.’’ वहिनी गर्रकन वळल्या. ‘‘माणूस मारून माणूस झाला? मंग आजपासून भोपळेच्याच घरी जेवा तुम्ही!’’

झालं! गावात दोन पक्ष. चक्कीवर भांडण, पानठेल्यावर भांडण, क्रिकेटची टीम फुटली... आणि मी? मी खूश हो! म्हटलं, बघा, गाव सिनेमावर बोलतंय! चर्चा व्हावी, एवढंच तर म्हणणं होतं माझं...

पण ज्ञानेश्वरची आई, शालूबाई, थेट समितीच्या अध्यक्षांकडे, उत्तमरावांकडे गेली. ‘‘भाऊ, त्या मेल्या हवालदारापायी माह्या घरात दोन चुली झाल्या!’’ झालं, मला बोलावणं. ‘‘काऊन बे पोरा, लोकाइले भांडवून काऊन राह्यला?’’ काका, भांडण नाही, चर्चा आहे. ‘‘घरात पोराच्या पोळ्या बंद झाल्या, त्याले दिल्लीत चर्चा म्हणतेत? तुहे रविवार बंद!’’

बंद? शिकून दिल्लीतच लागलेली नोकरी सोडून मी आलो ते ह्याच रविवारांसाठी ना हो! हात जोडले. म्हटलं, काका, न पाहता निकाल देऊ नका, आधी सिनेमा पाहा.

तर समिती आली. पुढच्या रांगेत टोप्या, टोप्यांच्या बाजूला शालूबाई. कोठडीतला तो माणूस पाणी मागतो, भोपळे खिडकीबाहेर बघत उभा... आणि शालूबाई पडद्यावर हात उगारून उठली, ‘‘अरे, पाणी तं पाज त्याले, भोपळ्या!’’ कोणी हसलं नाही. सिनेमा संपला तरी कोणी हललं नाही. वहिनी पदरानं डोळे पुसतायत, ज्ञानेश्वर गुपचूप पाण्याची बाटली पुढे करतोय... अहो, ह्याच क्षणासाठी तर मी परतलो होतो! आता बोलतील, म्हटलं, आता खरं बोलतील! मी तोंड उघडलं, आणि उत्तमरावांनी हात वर केला.

‘‘निकाल आयका. पिच्चर खरा आहे. हसाले पाह्यजे, हे बी खरं आहे. पोरानं दर रविवारी पिच्चर लावावा, पुरा लावावा. पण संपल्यावर कोणी त्याच्यावर बोलाचं नाही. बोललं का तंटा. मंजूर?’’

‘‘हाव!’’ एवढ्या दिवसांत पहिल्यांदा अख्खा हॉल एका सुरात!

आता काय सांगू... दर रविवारी हॉल गच्च. जड जड सिनेमे लावतो, लोक शेवटपर्यंत पाहतात, डोळे पुसतात, चपला घालतात आणि तोंडं मिटून घरी जातात. एक अक्षर नाही! चर्चा व्हावी, एवढंच म्हणणं होतं हो...

वर तंटा मिटवायला सहकार्य केलं म्हणून ग्रामपंचायतीनं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ. उत्तमराव माइकवर म्हणाले, ‘‘आता आल्हादनं दोन शब्द बोलावं. पिच्चर सोडून.’’

मी बोंडअळीवर बोललो. टाळ्या मात्र खूप पडल्या.