चार पांढऱ्या पट्ट्या

नाही, मले एक सांगा, नी, रे, म, ध... चारही पट्ट्या पांढऱ्या! चूक कुठी हाय? काळीले बोटही लागत नाही, अन् आमचे उत्तमभाऊ, आमच्या गाण्याच्या पार्टीचे मेन गायक, चिखलीत रिहर्सलले सगळ्यायसमोर म्हणते, "धम्मरत्ना, कीबोर्ड बिघडला का तू?"

तुमाले सांगतो, तीन-चार सूर संगच दाबले का होते कॉर्ड, अन् ह्या कॉर्डचं नाव हाफ डिमिनिश्ड. सहा महिने मोबाईलवर पाहू पाहू शिकलो बाप्पा! ध कोमल केला त फुल डिमिनिश्ड, भुताच्या पिक्चरमधी वाजते ना, ते. पण ध शुद्ध ठेवा... भेव जाते अन् हुरहूर राह्यते. पाहुणा एक चप्पल काढून दारात उभा हाय अन् कोणी 'या' म्हणून नाही राह्यलं, तसं. मंग सा-ग-प दाबलं का आला घरात! पण उत्तमभाऊ म्हणते, "अमडापुरात हे वाजवलं त पार्टीतून बाहेर!" बारा वर्सं झाले मले पार्टीत! म्हटलं, बाहेर त बाहेर, वाजवीनच!

अमडापूरले जयमाला मॅडमचा निरोप समारंभ, छत्तीस वर्सं शाळेत शिकवलं बाईनं. शेवटचं गाणं निरोपाचं. व्हायोलिनचा आवाज लावला, जागा आली... अन् म्या दाबली! उत्तमभाऊनं असे डोये वटारले... तेवढ्यात माईकवर सूत्रसंचालक, "थांबा, थांबा! प्रमुख पाहुणे वामनराव यांचं आगमन झालेलं आहे!" दोन घंटे उशिरा! अन् आपल्याकडं पाहुणा आला का गाणं जिथी असन तिथी बंद. उत्तमभाऊ गप, ढोलकी गप, अन् माही कॉर्ड दारात उभी! तशीच सोडू? काऊन सोडू? म्या बोटं उचललीच नाही. शाल चालू, नारळ चालू, नी-रे-म-ध चालू. उत्तमभाऊ खालून लाथा मारून राह्यले, "सोड बे, सोड!" नाही सोडत! चारही पट्ट्या पांढऱ्या, चूक कुठी हाय?

वामनराव भाषणाले उठले. हा माणूस उठला का लोकं घरी जायाले चपला शोधते, खरं सांगतो. पण "आज आपल्या मॅडम... जात आहेत..." एवढंच म्हटलं, अन् मांगून माही कॉर्ड... समोर शाळेतल्या खिचडीवाल्या सरस्वतीबाईनं डोयाले पदर लावला, मंग पोरी, मंग हेडमास्तर, मंग वामनराव सोता! मॅडम त हुंदके देऊ देऊ... अकरा मिनिटं! बोटं बधिर झाले, पण हटलो नाही.

भाषण संपलं. म्हटलं आता सा-ग-प, आता घेतो घरात... उत्तमभाऊनं वायरच उपटली.

अन् लोकं काय म्हणे? "वा वामनराव, काय भाषण केलं!" अन् मी? माहं नाव घेतलं कोणी? मले त त्याच दिवशी पार्टीतून काढलं. दुसऱ्या दिवशी वामनरावचा फोन, "धम्मरत्न, बीबी गावाले भाषण हाय माहं. ते चार पट्ट्या घेऊन ये. गाणं-बिणं काही नको."

हाव म्हटलं, काय करता? पण सुनावलं, "साहेब, शेवटी सा-ग-प वाजवू द्या लागन!"

"पाहू," म्हणे, "टाइम उरला त."