बंदरावरच्या थाळ्या

हसू नका, पण तिशी उलटली तरी मला सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे आपल्या गावातलं कंबर तळंच वाटायचं की. मग आमच्या कचेरीतल्या सावंतांनी मला सुट्टीत कोकणात त्यांच्या गावी नेलं. गाव कसलं, समुद्रातलं बेट!

पावसाळा तोंडावर आला होता. शिडाची गलबतं बंदरात परतली होती. शेजारच्या नारबाचं तेवढं राहिलं. त्यात अशी झड आली, की हाताभरावरचं दिसेना. सगळा गाव किनाऱ्यावर धावला आणि पितळी थाळ्या बडवू लागला. तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच ती. आवाजाच्या रोखानं गलबतानं बंदर गाठायचं. सावंतांच्या आईनं माझ्याही हाती थाळी दिली. सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती.

अखेर पावसातून शीड दिसलं. भिजलेला नारबा उतरला आणि म्हातारीकडे न बघताच निघून गेला.

"बांधावरून भांडण," सावंत म्हणाले. "कित्येक वर्षं दोन्ही घरं बोलत नाहीत."

मी थक्क झालो. "काकी, मग त्याच्यासाठी एवढ्या जिवाच्या आकांतानं वाजवलीत?"

"भांडूक तरी माणूस घराक येवक होयो मां!"