खोली चांगली केल्याचा दंड

...आणि वर घरमालक मलाच म्हणतो, "काका, खोली फारच चांगली झालीय हो, म्हणून पैसे कापावे लागतील!" आता बोला! अहो, खोली खराब केली म्हणून पैसे कापलेले मी ऐकलेत, भिंतीला खिळे ठोकले म्हणून कापलेले ऐकलेत, एका बिचाऱ्याचे तर नळ फार वेळ चालू ठेवतो म्हणून कापले होते म्हणे... पण खोली चांगली केली म्हणून? तुम्हाला सांगतो, उभा जन्म माझा लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला, पण चांगल्या रंगाचा दंड भरायची पाळी कधी आली नव्हती. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच मालकाची गचांडी धरली असती. मी काय केलं? मी म्हटलं, "हो का?" आता मला भांडता येत नाही, त्याला मी काय करू?

तर झालं असं, की आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर राहायचो, मी आणि आमची ही. खोली एक, जिना उभा, आणि हिचे गुडघे... गुडघे कसले, गंजलेल्या बिजागऱ्या! पायरी चढली की कुरकुर ऐकू यायची, गुडघ्यांची वेगळी आणि हिची वेगळी. शेवटी शेवटी तर खाली उतरायचीच बंद झाली. खिडकीत उभी राहायची आणि वरून मला ओरडून सांगायची, "अहो, त्या कोपऱ्यावरच्या बाईंना विचारा, नवी सून कशी आहे!" मी खाली त्या बाईंना विचारायचो, बाई माझ्या कानात सांगायच्या, आणि मी ते वर ओरडून सांगायचो. अख्ख्या गल्लीला ती सून कशी आहे ते कळलं. सुनेलासुद्धा. एक दिवस बघतो, तर ही खिडकीत नुसतीच उभी. काही विचारत नाही, काही सांगत नाही. म्हटलं बस, हिला आता जमिनीवर आणायची.

लेकीच्या घराजवळ एक तळमजल्याची खोली बघितली. तिथली मालकीणबाई म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबते. डिपॉझिट आणा नि किल्ली न्या." आता डिपॉझिट आणणार कुठून? आमची सगळी पुंजी ह्या मालकाकडं! डिपॉझिट तर होतंच, वर वर्षाचं भाडंही त्यानं आगाऊ घेतलेलं. का? तर "काका, दर महिन्याला तुम्हाला माझ्या दारात यायचा त्रास नको." बघा, केवढी काळजी! वर्ष तर निम्मंच झालं होतं. म्हणजे निम्मं भाडं आणि अख्खं डिपॉझिट परत यायला हवं की नको? पण माणूस इतका गोड, इतका गोड, की पैसे मागायला गेलं की आपणच त्याचे देणेकरी आहोत असं वाटायला लागतं.

"काका, तुमचे पैसे कुठं जातात!"

अहो बाबा, तेच तर विचारायला आलो होतो, की कुठं गेलेत! पण मला बोलायला वेळ लागतो. मी "मालक, ते..." एवढं म्हणेपर्यंत त्याचं बोलून, हसून, माझ्या पाठीवरून हात फिरवून आणि दार लावून झालेलं असतं. मी बंद दाराला म्हणतो, "...पैसे."

मग दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर मला जिन्यात गाठून म्हणाला, "काका, शहाणे असाल तर भिंती सांभाळा. खोली सोडताना मालक लोक भिंतीवरच कापतात. डाग दिसला की काप, पोपडा दिसला की काप." मी म्हटलं, भिंत? भिंतीवरून मला कोण कापणार? बाकी कशात मी कच्चा असेन, पण भिंत म्हणजे माझं राज्य! ही म्हणाली, "नुसता एक हात मारा पांढरा, आणि चला." एक हात! तुम्हाला सांगतो, रंगाऱ्याला एक हात मारायला सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला अर्धी कच्ची पोळी वाढायला सांगणं. मी म्हटलं, "बरं, एकच." म्हणून खरवडायला घेतली, तर आत एक तडा. तडा दिसल्यावर डोळे मिटून रंग फासणार का? तड्यात लांबी भरली, म्हणजे आमची पुट्टी. लांबी वाळली, घासली. घासली तर शेजारची भिंत केविलवाणी दिसायला लागली. तीही घासली. मग छत म्हणालं, माझं काय? शेवटी तीन हात मारले! कडा अशा सरळ काढल्या, की ही सामान बांधता बांधता मधेच थांबली, भिंतीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं राहिलो इथं, तेव्हा नाही सुचलं हे!"

बरोबरच आहे तिचं. पण स्वतःच्या घराचा रंग हा रंगाऱ्याला घर सोडतानाच सुचतो, त्याला काय इलाज?

सामान लेकीकडं नेलं. लेकीचं घर केवढं? जावई रात्रपाळीहून यायचे ते आमच्या अंथरुणांवरून उड्या मारत आत जायचे. चार दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून मी किल्ली द्यायला मालकाकडं गेलो. मालक खोलीत आला. भिंतीवरून हात फिरवला. वर बघितलं, खाली बघितलं... आणि खाली बसला. "काका, हे काय करून ठेवलंत?"

मी म्हटलं, "रंग."

"अहो, खोली जशी दिली तशी परत करायची, असं ठरलं होतं ना? दिली तेव्हा कशी होती? मळकट! आता कशी आहे? मग तशी राहिली का?"

खरं होतं हो. तशी नव्हतीच राहिली! तेवढ्यात दारात ड्रायव्हरची बायको. "अगंबाई! म्हातारा-म्हातारी गेल्यावर खोली रंगवता होय? आणि आम्ही राहतोय तर आमच्या भिंतींनी काय पाप केलंय?" तिच्या मागं शिवणकामवाली, तिच्या मागं आणखी कोण कोण. माझ्या भिंतींचं दर्शन घ्यायला रांगच लागली हो! आणि सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, आमच्या खोल्या अशा होईपर्यंत भाडं मिळणार नाही. "बघा काका," मालक म्हणाला, "तुमच्यापायी माझं भाडं बुडालं. आता हे नुकसान कुणाच्या पैशांतून कापू?" आणि डोळ्यांत पाणी! त्याच्या! मीच त्याला पाणी आणून दिलं. आता मला भांडता येत नाही, त्याला मी काय करू?

घरी जावई म्हणाले, "बाबा, आवाज चढवायला शिका. मी मालक होतो, तुम्ही माझ्याकडं पैसे मागा." आणि बसले खुर्चीवर पायावर पाय टाकून. "काय काका, कसं येणं केलंत?" मी म्हटलं, "मालक, पैसे." ते म्हणाले, "काका, तुम्ही मला वडिलांसारखे, पण हात फार आखडलाय हो सध्या." इतकं तोंड पाडून म्हणाले, इतकं तोंड पाडून म्हणाले, की मी म्हटलं, "राहू दे मग, जमेल तसं द्या." लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा! ते खोटं खोटं आहे!" तरी मी जावयांना हळूच बाजूला घेऊन विचारलंच, खरंच काही अडचण आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी परत मालकाकडं. म्हणाला, "काका, एकच मार्ग आहे. बाकीच्या खोल्यांना तुमचा हात लागला, की हे लोक भाडं देतील. भाडं आलं, की पहिले पैसे तुमचे." आता पटण्यासारखं आहे की नाही? मला तर पटलं! रोज मी हिला सांगायचो, "पैसे मागून येतो," आणि जाऊन भिंती घासायचो. ड्रायव्हरच्या बायकोला गुलाबी हवा होता, शिवणकामवालीला गुलाबीच पण तिच्याहून बरा. संध्याकाळी अंग खसखसून धुवायचो, पण कानामागचं कुणाला दिसतं? हिला. "मालक पैसे देताना गुलाबी रंग फासतो का हो तुम्हाला?" ...सगळं सांगावं लागलं. तेवढ्यात लेक सांगत आली, त्या मालकीणबाईनं तळमजल्याची खोली दुसऱ्याला दिली. महिना संपला होता हो. रंगाच्या नादात मला कळलंच नाही.

ही रागावली असती तर बरं झालं असतं. काठी घेतली नि चालायला लागली. "कुठं?" म्हटलं, तर "तुम्ही मागं मागं या. बोलू नका." हे मात्र मला छान जमतं.

मालक राहायचा त्याच इमारतीत, खाली; त्याच्या दारात ही खुर्ची ओढून बसली. मालक म्हणाला, "काकू, तुमचे पैसे कुठं जातात!" ही म्हणाली, "तेच ऐकायला बसलेय." अहो, किती सोपं! आणि मग बसलीच. तो हसला, ही हसली नाही. तो रडला, हिनं पाणी दिलं नाही. शेवटी कबूल झाला. आमचे पैसे आमच्या आधीच्या भाडेकरूला परत देण्यात गेले होते. आता नवा येईल तेव्हा त्याचे आमच्याकडं. पण नवा येतोय कुठं? चकचकीत खोली म्हणून ह्यानं भाडं वाढवून ठेवलेलं, आणि तिसऱ्या मजल्यावर एवढं भाडं द्यायला कोण चढतंय?

ही उठली. काठीनं समोरचं दार ढकललं. "हे काय आहे?"

"अडगळ, काकू. मोडक्या खाटा, जुने पंखे..."

"तळमजलाच ना हा? खिडकी आहे. नळ आहे. अडगळ वर न्या तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या महालात, आणि ही खोली आम्हाला. आगाऊ भाडं ह्यात वळतं करा, डिपॉझिट पहिलंच धरा."

झालं! माझी महिन्याभराची यातायात हिनं दोन वाक्यांत संपवली. आता आम्ही तिथंच राहतो. हिनं सांगितलं, एकच हात मारा. मी बरं म्हटलं, आणि तीन मारले. सकाळी ही काठी टेकत चार पावलं चालते, कोपऱ्यावरच्या बाईंजवळ बसते, सुनेचं स्वतःच्या कानांनी ऐकते, आणि मला एक अक्षर सांगत नाही! पण तिला उन्हात बसलेली बघितलं, की तुम्हाला सांगतो... जाऊ दे.

परवा मी सहज विचारलं, "अगं, पण आपलं डिपॉझिट?"

"आहे की. मालकाकडं."

"मग मिळणार कधी?"

"खोली सोडू तेव्हा."

"आणि खोली सोडणार कधी?"

हिनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, "आता इथून कुठं जायचंय आपल्याला? वरच. मग असं करा, आधी तुम्ही जा. मी मागं राहिले तर पैसे तरी वसूल होतील. तुम्ही राहिलात, तर परत सगळ्यांच्या भिंती रंगवून याल."

आता मला भांडता येत नाही, त्याला मी काय करू? मी म्हटलं, "बरं."