अन्वरची बुफेतली टिप

किती टिप ठेवायची यावरून काय भांडताय राव? आमच्या कंपनीतल्या अन्वरचा हिशोब एकदम साधा होता. "बुफेत आपणच उठायचं, आपणच वाढून घ्यायचं. मग टिप कसली?" बोनस झाला की आम्ही सगळे चाकणला बुफेला जायचो, आणि आम्ही टेबलावर ठेवलेल्या नोटा हा उचलून परत आमच्याच खिशात कोंबायचा.

मागच्या वर्षी प्रेस मशीनमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. बरा झाल्यावर आम्हीच त्याला ओढून तिथं नेलं. बुफेत एका हाताला ताट लागतं आणि दुसऱ्याला चमचा, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बिर्याणीसमोर तो ताट धरून नुसता उभा राहिला. मी उठेपर्यंत वेटर त्याच्याजवळ पोचला होता. "द्या भाऊ ताट इकडं. काय काय वाढू, तेवढं सांगा."

जेवण झाल्यावर अन्वरनं पाकीट दातात धरलं, डाव्या हातानं पाचशेची नोट ओढली आणि बशीखाली सरकवली. जरा हसवावं म्हणून मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं, "बुफेत टिप कसली रे?"

"वाढून घेतलं तर नाही द्यायची," तो म्हणाला. "मी आज कुठं वाढून घेतलं?"