तियामिकेचा पंजा

मंडळी, एक विचारतो, देवासमोर बसलाय, खरं सांगा! कुणाला काही देताना आपण त्याच्या तोंडाकडे का बघतो? त्याची भूक दिसावी म्हणून — की तो आपल्याला गंडवतोय का, ते कळावं म्हणून? ...हं! तिकडे खांबाजवळचे दोघं हसले. सापडले!

तर ऐका. कऱ्हाडात जगन्नाथराव हुलवळे राहत. उभी हयात जकात नाक्यावर गेली. हातात कायम परखी — पोत्यात खुपसून आतला माल बाहेर काढायची ती अणकुचीदार सळई. वर गहू दिसतोय? मग खाली नक्की दुसरंच काहीतरी! निवृत्त झाले, परखी नाक्यावर राहिली, पण खुपसायची खोड काही जाईना. मेथीच्या जुडीत बोट, जावयाच्या बोलण्यात बोट!

बायको शरयूबाई. लेकीच्या ओळखीनं त्यांनी एका संस्थेत नाव घातलं. आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे, तिथल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च द्यायचा. मुलीचं नाव तियामिके, वय वर्षं आठ.

राव कडाडले, "कशावरून ही पोरगी आहे? एकच फोटो शंभर जणांना पाठवत असतील!"

"अहो, पत्र येतं की तिचं."

"पत्र कुणीही लिहील! तिला म्हणावं, कागदावर हात ठेव, भोवतीनं पेन्सिल फिरव आणि तो पंजा पाठव. दरवर्षी! पोर वाढतं, तसा हात वाढायलाच हवा. बघतोच कसे फसवतात!"

काय बोलावं, मंडळी? या माणसानं देवाच्या मूर्तीलाही पट्टी लावली असती!

पंजा आला. एवढासा. रावांनी कपाटात जपून ठेवला — प्रेमानं नव्हे, पुरावा म्हणून! वर्षानं दुसरा आला. रावांनी चष्मा पुसला, पट्टी लावली, मधलं बोट मोजलं. पुन्हा मोजलं. सुताचाही फरक नाही!

"सापडले! जुनाच कागद गिरवलाय लेकाच्यांनी!"

आणि आनंद काय झाला म्हणता! फसवलो गेलो याचा आनंद, बरं का! का? अहो, आता द्यायला नको ना! तिथल्या तिथं मदत बंद करण्याचा अर्ज लिहिला, पाकिटात घातला, चपला पायात सरकवल्या.

"तिचं पत्र वाचलंत का?" शरयूबाईंनी विचारलं.

"त्यात काय असणार?"

"उभ्या उभ्या ऐका तरी." पत्र इंग्रजीत. बाई एकेका शब्दावर बोट ठेवून मराठीत सांगू लागल्या.

"आजोबा, यंदा पाऊस आला नाही. मका जळाला. शाळेत पेज मिळते. अर्धी मी पिते, अर्धी धाकट्या बहिणीला नेते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुझा हात वाढलाच नाही. तुम्ही रागावू नका. माझी आजी हात काढू देत नव्हती. म्हणते, लांबचा माणूस पोरीचा हात कशाला मागतो? उद्या पोरच मागेल! मी म्हटलं, आजोबा तसे नसतील. पण मला तरी कुठं माहीत? तुमचा हात पाठवा. आजी बघून सांगेल."

जन्मभर दुसऱ्यांच्या पोत्यात परखी घातली, मंडळी — आज कुठल्या कोण म्हातारीनं यांच्या पोत्यात घातली!

रावांनी पायातल्या चपला काढल्या. "अगं, त्या लेकराची भूक मी पट्टीनं मोजली गं!" डोळ्यांना धार लागली. अर्ज त्यांनी स्वतःच फाडला. शरयूबाईंनी कोरा कागद पुढं केला. "ठेवा हात."

रावांनी ठेवला — तर मूठ!

"अहो, मुठीचा पंजा कसा काढू? उघडा की!"

बोटं उघडेनात. शेवटी बाईंनीच एकेक बोट धरून सरळ केलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. कागद मलावीला गेला. आजीनं तो बघून काय ठरवलं, ते मला ठाऊक नाही.

पण आता आरतीचं ताट तुमच्यापुढं येईल. खिसा चाचपू नका लगेच! ती आजी समोर बसलीय असं समजा. तिला अजून तुमची खात्री नाही. आधी तिला हात दाखवा — आणि उघडून दाखवा!